भिंतीवरचे चित्र कोणाच्या गल्ल्यात भर घालते?

चौकातले शिल्प कोणी विकत घेत नाही, भिंतीवरचे चित्र पाहायला तिकीट लागत नाही आणि पुलाखालच्या खांबांवर काढलेल्या नक्षीचे बिल कोणालाही येत नाही. तरीही जगभरच्या नगरपालिका अशा कामांवर खर्च करतात आणि त्या खर्चाचे समर्थन करताना सौंदर्यापेक्षा रोजगार, पर्यटन आणि व्यापार यांचीच नावे अधिक घेतात. ज्या वस्तूची विक्रीच होत नाही, ती कमाई कशी करते आणि ती कमाई नेमकी कोणाच्या हाती पडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

अर्थशास्त्रात अशा वस्तूला 'सार्वजनिक वस्तू' म्हणतात. एकाने ती पाहिली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला ती कमी येत नाही आणि पैसे न देणाऱ्याला ती पाहण्यापासून अडवताही येत नाही. याचा सरळ परिणाम असा की तिची कमाई तिच्या जागी होत नाही, तिच्या आसपास होते. लोक थांबतात, चित्राकडे पाहतात, फोटो काढतात, सोबतच्या माणसाची वाट पाहत रेंगाळतात आणि त्या रेंगाळण्यात शेजारच्या दुकानांत शिरतात. किरकोळ व्यापारात नुसत्या वर्दळीपेक्षा हे थांबणे महत्त्वाचे असते, कारण घाईने निघून जाणारी हजार माणसे दुकानदाराला तितकी उपयोगी पडत नाहीत, जितकी निवांत फिरणारी शंभर पडतात. म्हणूनच चालत्या माणसाच्या वाटेवरचे साधे चित्र पुष्कळदा वाहनांच्या वर्तुळाकार चौकात मधोमध उभारलेल्या महागड्या शिल्पापेक्षा व्यापाराला अधिक हातभार लावते. त्या शिल्पाजवळ पायी जाताच येत नाही, मग त्याच्याभोवती कोण थांबणार?

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. फेब्रुवारी 2005 मध्ये क्रिस्तो आणि जीन-क्लोद या कलावंत दांपत्याने सेंट्रल पार्कमधल्या पायवाटांवर केशरी कापडाचे पडदे लावलेली 7,503 चौकटींची दारे उभी केली. 'द गेट्स' नावाची ही मांडणी फक्त 16 दिवस राहिली. तिचा सुमारे 2 कोटी 10 लाख डॉलरचा खर्च या दोघांनी आपली रेखाटने आणि इतर कामे विकून स्वतः उचलला होता. नगर प्रशासनाच्या अंदाजानुसार सुमारे 40 लाख लोक ते पाहायला आले आणि शहरात 25 कोटी 40 लाख डॉलरची उलाढाल झाली. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण माझ्या मते या प्रयोगातली खरी हुशारी त्याच्या महिन्यात होती. फेब्रुवारी हा न्यूयॉर्कच्या पर्यटनाचा मंदीचा काळ असतो. हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या असतात, नाट्यगृहांतल्या खुर्च्या भरत नाहीत. अशा वेळी आलेला पाहुणा दुसऱ्या कोणाची जागा अडवत नाही, त्यामुळे त्याचा खर्च ही जवळजवळ निव्वळ भर ठरते. हीच मांडणी ऐन हंगामात, खोल्या आधीच भरलेल्या असताना केली असती, तर गर्दी कदाचित तेवढीच झाली असती, पण शहराची कमाई त्या प्रमाणात वाढली नसती.

असे आकडे वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे जागाबदल. शहराच्याच दुसऱ्या भागातला रहिवासी शनिवारची संध्याकाळ आपल्या वस्तीऐवजी चित्रांच्या गल्लीत घालवतो, तेव्हा त्या गल्लीचा धंदा वाढतो, पण शहराचा एकूण धंदा होता तेवढाच राहतो. पैसा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. वस्तीच्या दृष्टीने हा फायदा खरा आहे आणि मागे पडलेल्या भागाकडे पैसा वळवणे हाच हेतू असेल तर तो योग्यही आहे, पण शहराच्या उत्पन्नात भर पडली असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गळती. पाहुण्याने मोठ्या साखळीच्या दुकानात पैसे खर्च केले, तर त्यांतला बराचसा वाटा त्याच दिवशी दुसऱ्या शहरातल्या मुख्यालयाकडे जातो. तेच पैसे स्थानिक दुकानदाराच्या हाती पडले, तर त्यातून तो स्थानिक माणसाला पगार देतो, तो माणूस शेजारच्या न्हाव्याकडे जातो आणि एकच रक्कम वस्तीत दोन-तीनदा फिरते. अर्थशास्त्रातल्या 'गुणक परिणामा'चा अर्थ एवढाच आहे. तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ही कलाकृती उभारलीच नसती तर काय झाले असते, हा प्रश्न. वस्ती आधीच सुधारत असेल, नवे रेल्वे स्थानक होत असेल, तर वाढलेल्या धंद्याचे सगळे श्रेय चित्राच्या पदरात टाकणे हा प्रामाणिक हिशेब नव्हे.

श्रेयाचा हा प्रश्न किती अवघड असतो, हे उत्तर इंग्लंडमधल्या गेट्सहेडवरून दिसते. कोळसा आणि जहाजबांधणीवर जगलेल्या या गावाचे दोन्ही आधार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोसळले. 1998 मध्ये एका बंद पडलेल्या कोळसाखाणीच्या जागेवर अँटनी गॉर्मली यांचे 'एंजल ऑफ द नॉर्थ' उभे राहिले. त्याची उंची 20 मीटर, पंखांचा विस्तार 54 मीटर आणि वजन सुमारे 200 टन. बहुतांश राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून झालेला सुमारे 8 लाख पौंडांचा हा खर्च त्या वेळी अनेकांना उधळपट्टी वाटला होता आणि शिल्पाविरुद्ध जोरदार मोहीमही झाली होती. शिल्प उभे राहून काही महिने होतात न होतात तोच शेजारच्या न्यूकॅसलच्या फुटबॉलप्रेमींनी त्याच्या अंगावर आपल्या लाडक्या खेळाडूची नऊ क्रमांकाची प्रचंड जर्सी चढवली. हा खोडसाळपणा अधिकृत नव्हता, पण लोकांनी शिल्पाला आपलेसे केल्याची ती पावती होती. पुढे नदीवर मिलेनियम पूल झाला, जुन्या पीठगिरणीत बाल्टिक हे कलाकेंद्र आले, मोठे संगीतगृहही उभे राहिले. ही सगळी कामे एंजलमुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्ती होईल, कारण त्यांच्यामागे स्वतंत्र निधी आणि स्वतंत्र योजना होत्या. मात्र महामार्गावरून आणि रेल्वेतून रोज जाणाऱ्या हजारो प्रवाशांना जे गाव पूर्वी माहीतही नव्हते, त्या गावाला एक चेहरा मिळाला आणि कोळशापलीकडेही या जागेला काही भवितव्य आहे असा विश्वास गुंतवणूक करणाऱ्यांना वाटू लागला, एवढे निश्चित म्हणता येते. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरानेही 1969 मध्ये बसवलेल्या अलेक्झांडर काल्डर यांच्या लाल शिल्पाची आकृती पुढे आपल्या बोधचिन्हात घेतली, इतकी ती शहराशी एकरूप झाली.

हे झाले मोठ्या, एकट्या शिल्पांचे. वस्तीच्या रोजच्या जगण्यात मात्र बदल घडतो तो पुष्कळदा कलाकृतीपेक्षा ती घडवण्याच्या रीतीमुळे, आणि त्यासाठी फिलाडेल्फियाकडे पाहावे लागते. भिंती खराब करणाऱ्या तरुणांना वेगळ्या कामाकडे वळवण्यासाठी तिथे 1984 मध्ये एक उपक्रम सुरू झाला आणि चित्रकार जेन गोल्डन यांच्याकडे त्याचे काम आले. त्यातूनच पुढे वाढलेल्या म्यूरल आर्ट्स या संस्थेने शहरात हजारो भित्तिचित्रे उभी केली आहेत. त्यांची कामाची पद्धत जवळून पाहण्याजोगी आहे. आधी वस्तीत बैठका होतात, विषय ठरतो, आराखड्यावर वाद होतात. मग मंजूर झालेले चित्र चौकोनांत विभागून पॅराशूट-कापड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पातळ, न विणलेल्या कापडाच्या तुकड्यांवर उतरवले जाते आणि कोणत्या भागात कोणता रंग भरायचा त्याचे आकडे घातले जातात. हे तुकडे शाळेत, वृद्धांच्या केंद्रात, तुरुंगातही रंगवता येतात. परांचीवर चढू न शकणारी आजी आणि भिंतीपर्यंत येऊच न शकणारा कैदी, दोघांचाही हात त्या चित्राला लागतो. शेवटी कुशल कारागीर हे तुकडे भिंतीवर अ‍ॅक्रिलिक जेलने चिकटवून सांधे मिटवतात. आपल्या हाताने रंगवलेल्या फुलाची पाकळी कुठे आहे हे ज्याला ठाऊक असते, तो त्या भिंतीशेजारी कचरा टाकणाऱ्याला हटकतो.

हे हटकणे गमतीत घेण्यासारखे नाही. समाजशास्त्रज्ञ त्याला सामूहिक क्षमता म्हणतात. शेजारी एकमेकांवर विश्वास ठेवतात आणि काही चुकीचे घडत असेल तर मध्ये पडतात, अशी वस्तीची घडण म्हणजे ही क्षमता. म्यूरल आर्ट्सच्याच मानसिक आरोग्याशी जोडलेल्या भित्तिचित्र उपक्रमाचा येल विद्यापीठाच्या संशोधकांनी काही वर्षे अभ्यास केला. नव्या चित्रांजवळ राहणाऱ्यांमध्ये ही भावना वाढलेली आणि सुमारे दोन वर्षे टिकलेली त्यांना आढळली, तसेच मानसिक आजाराविषयीचा कलंकभावही काही प्रमाणात कमी झाला होता. दुकानदाराच्या नजरेतून पाहिले तर अशा वस्तीत संध्याकाळी उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवता येते. विश्वास आणि व्यापार यांची सांगड इथे बसते.

रस्त्यावरच्या चित्रांचा आणखी एक फायदा कोणाच्या सहज लक्षात येत नाही. चौकातल्या डांबरावर, झेब्रा पट्ट्यांभोवती आणि कडेच्या मोकळ्या जागेत ठळक रंगांची चित्रे काढली की वळणे अरुंद भासतात, चालक वेग कमी करतात आणि पादचारी अधिक स्पष्ट दिसतात. ब्लूमबर्ग फिलान्थ्रोपीज या दानसंस्थेने अमेरिकेतल्या अशा 17 ठिकाणांचा 2022 मध्ये अभ्यास करवला. चित्रांनंतर तिथले एकूण अपघात 17 टक्क्यांनी आणि पादचारी किंवा सायकलस्वार सापडलेले अपघात 50 टक्क्यांनी घटले होते. ठिकाणे मोजकीच होती आणि काही जागी रंगासोबत रस्त्याची आखणीही बदलली होती, म्हणून या टक्केवारीला ब्रह्मवाक्य मानू नये. तरी काही डबे रंग आणि स्वयंसेवकांच्या श्रमांत एवढा बदल होत असेल, तर नव्या उड्डाणपुलाच्या खर्चाशी त्याची तुलना करून पाहायला हरकत नाही.

आता अशा ठिकाणाकडे वळू, जिथे गर्दीपेक्षा माणसांचे परत येणे महत्त्वाचे ठरले. जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रातली छोटी बेटे ओस पडत चालली होती. तरुण शहरांकडे गेले, मागे म्हातारी माणसे उरली आणि शाळा एकेक करून बंद होऊ लागल्या. 2010 मध्ये इथे सेतोउची त्रैवार्षिक कलामहोत्सव सुरू झाला. रिकामी घरे, बंद शाळा आणि जुनी गोदामे यांतच कलाकृती मांडल्या गेल्या, त्यामुळे पाहणाऱ्याला बोटीने बेटावर उतरून गावातून पायी चालावेच लागते. पहिल्याच महोत्सवाला 9 लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. पण या महोत्सवाचे यश मला त्या आकड्यात दिसत नाही. जेमतेम दोनशेच्या आसपास वस्तीच्या ओगिजिमा बेटावर मुलांअभावी बंद पडलेली शाळा 2014 मध्ये पुन्हा सुरू झाली, कारण महोत्सवाच्या निमित्ताने गावाशी पुन्हा नाते जुळलेली कुटुंबे मुलाबाळांसह राहायला परतली होती. पर्यटक संध्याकाळच्या बोटीने निघून जातो. शाळेत नाव घातलेले मूल मात्र वर्षभर तिथे असते आणि त्याच्या घरचा वाणसामान, दुरुस्ती, प्रवास हा सगळा खर्च वर्षभर बेटावर होत राहतो.

येथवर फायद्याची बाजू झाली. पण हा फायदा शेवटी कुठे साचतो, हा या विषयाचा गाभा आहे आणि उत्साहाने लिहिलेल्या अहवालांत नेमकी तीच गोष्ट गाळलेली असते. वर्दळ वाढली की दुकानाचा गाळा अधिक कमावतो. गाळा अधिक कमावतो हे दिसले की भाडेकराराच्या पुढच्या नूतनीकरणात मालक भाडे वाढवतो. म्हणजे चित्राने निर्माण केलेली वाढ काही वर्षांत दुकानदाराच्या गल्ल्यातून निघून जमिनीच्या भावात जाऊन बसते. ज्याची स्वतःची जागा आहे त्याचे भले होते; भाड्याने राहणारा आणि भाड्याने दुकान चालवणारा मात्र ज्या सुधारणेसाठी झटला, त्याच सुधारणेमुळे वस्तीबाहेर ढकलला जाऊ शकतो. यात चित्राचा दोष नाही. फायदा कोणाला मिळणार हे चित्र ठरवत नाही, मालकी ठरवते.

मायामीतल्या विनवुडमध्ये हे लख्ख दिसते. टोनी गोल्डमन या विकासकाने गोदामांच्या त्या भागात आधी इमारती विकत घेतल्या आणि 2009 मध्ये त्यांच्या भिंती नामवंत भित्तिचित्रकारांसाठी खुल्या केल्या. काही वर्षांतच तो भाग उपाहारगृहे, दुकाने आणि कार्यालयांनी गजबजला. व्यवसाय म्हणून ही योजना अत्यंत यशस्वी ठरली, कारण चित्र आणि जमीन या दोन्हींची मालकी एकाच हाती होती. पण स्वस्त भाड्यामुळे आधीपासून तिथे असलेले अनेक कलावंत आणि कलादालने वाढत्या भाड्यामुळे दुसऱ्या वस्त्यांत निघून गेली. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइन्ट्झ या इमारतीत गोष्ट आणखी टोकाला गेली. मालकाच्या परवानगीने वर्षानुवर्षे रंगवलेली ही इमारत जगभरच्या स्प्रे-चित्रकारांचे ठिकाण झाली होती, परंतु त्या भागाचे भाव चढल्यावर नोव्हेंबर 2013 मध्ये एका रात्रीत तिच्या भिंती पांढऱ्या रंगाने झाकल्या गेल्या आणि पुढे तिथे निवासी मनोरे उभे राहिले. अमेरिकेच्या 1990 च्या दृश्यकलावंत हक्क कायद्याचा आधार घेऊन कलावंत न्यायालयात गेले आणि 2018 मध्ये 21 कलावंतांना मिळून 67 लाख 50 हजार डॉलरची भरपाई मंजूर झाली. निकाल ऐतिहासिक होता, तरी चित्रे काही परत आली नाहीत.

या पेचावर उपाय आहेत, पण ते रंगाच्या डब्यात सापडणारे नाहीत. जुन्या भाडेकरूंशी दीर्घ मुदतीचे करार, सामुदायिक न्यासाच्या मालकीच्या जागा, कलावंतांसाठी राखीव भाड्याचे गाळे अशा तरतुदी भाव चढण्याआधी कराव्या लागतात, कारण भाव चढल्यावर त्याच जागा घेणे कोणत्याही संस्थेच्या आवाक्यात राहत नाही.

भाड्याचा प्रश्न नसला तरी गर्दी स्वतःच त्रासदायक होऊ शकते. दक्षिण कोरियाची राजधानी सोल, तिथल्या इहवा या टेकडीवरच्या वस्तीत पायऱ्यांवर फुलांची आणि माशांची सुंदर चित्रे काढली गेली होती. ती पाहायला आलेल्यांचा गोंगाट आणि कचरा इतका वाढला की 2016 मध्ये काही रहिवाशांनीच त्या पायऱ्या करड्या रंगाने झाकून टाकल्या. दुकानदाराला हवी असलेली गर्दी वरच्या मजल्यावर झोपू पाहणाऱ्याला नको असते. दोघेही वस्तीचेच आहेत.

रहिवाशांना न विचारता लादलेल्या कलेचे काय होते, याचा दाखला म्हणून रिचर्ड सेरा यांच्या 'टिल्टेड आर्क'चा उल्लेख नेहमी होतो. न्यूयॉर्कमधल्या सरकारी कचेऱ्यांच्या आवारात 1981 मध्ये बसवलेली ही पोलादी भिंत 120 फूट लांब आणि 12 फूट उंच होती, आणि आवार ओलांडून कामावर जाणाऱ्यांना रोज तिला वळसा घालावा लागे. अनेक वर्षांच्या वादानंतर आणि जाहीर सुनावणीनंतर 1989 मध्ये ती तोडून हलवण्यात आली. कलाकृती म्हणून ती थोर होती असे मानणारे जाणकार आजही आहेत. दुपारच्या सुट्टीत त्या आवारात बसणाऱ्यांना मात्र सुरुवातीला कोणी काही विचारले नव्हते.

पैसा कुठून येतो, हे थोडक्यात सांगता येईल. बांधकाम खर्चाचा साधारण एक टक्का कलेसाठी राखण्याची पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. फ्रान्सने ती 1951 मध्ये शाळांच्या इमारतींसाठी सुरू केली आणि फिलाडेल्फियाने 1959 मध्ये तसा नियम केला. या पद्धतीची मोठी उणीव अशी की ती उभारणीचा पैसा देते, देखभालीचा बहुधा देत नाही. शिकागोचे 'क्लाउड गेट' हे आरशासारखे शिल्प 168 पोलादी पत्रे जोडून, सांधे दिसणार नाहीत इतके घासून तयार झाले. त्याचा सुरुवातीचा अंदाज 60 लाख डॉलर होता आणि प्रत्यक्षात 2 कोटी 30 लाख लागले. शिवाय लोकांचे हात लागतात तो खालचा भाग रोज पुसावा लागतो. भित्तिचित्राला एवढे लागत नाही, पण ऊन, पाऊस आणि ओल यांनी गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. रंग उडालेली, अर्धवट सोललेली भिंत कोऱ्या भिंतीपेक्षा अधिक उदास दिसते आणि या जागेकडे आता कोणाचे लक्ष नाही असे वाटसरूला सांगते.

देखभाल सोडून दिल्यावर प्रकरण न्यायालयात कसे जाते, हे भारतातही दिसले आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सेहगल यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये दुरुस्तीच्या वेळी उतरवून गोदामात टाकले गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रताधिकार कायद्याच्या कलम 57 मधल्या कलावंताच्या नैतिक हक्काच्या, म्हणजे आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याच्या हक्काच्या, आधारे उरलेले शिल्प त्यांना परत करण्याचा आणि 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणून चित्र किती वर्षे ठेवायचे, ते कोणी पुसायचे, इमारत पाडायची वेळ आली तर कलावंताला किती आधी कळवायचे, या गोष्टी पहिल्याच करारात लिहिलेल्या बऱ्या.

आणि एक मोजणी अशी आहे की जी रंगकाम सुरू होण्याआधीच करावी लागते. सकाळ, दुपार आणि संध्याकाळी रस्त्यावरून किती माणसे जातात आणि किती थांबतात, किती गाळे बंद आहेत, चालू गाळ्यांचे भाडे काय आहे आणि त्यांतले दुकानदार किती वर्षांपासून तिथे आहेत, एवढी माहिती दोन-चार स्वयंसेवक काही दिवसांत गोळा करू शकतात. तीच मोजणी दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी पुन्हा करावी, आणि शेजारच्या चित्र नसलेल्या रस्त्याचीही करावी, म्हणजे शहरभर आलेली तेजी आणि चित्राने आणलेली तेजी यांची गल्लत होणार नाही. बंद गाळे उघडले, पण जुनी नावे सगळी पुसली गेली असे आढळले, तर धंदा वाढला हे खरेच. मात्र तो ज्यांच्यासाठी वाढवायचा होता त्यांचा वाढला की नाही, हे त्या यादीतल्या नावांवरूनच कळेल.